पहिला घोडा

आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. बाई साठी ओलांडलेल्या, घरात एकट्या. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. पण डिसेंबर लागला, साडेचारलाच अंधार पडायला लागला, अटलांटिकवरचा पाऊस आडवा येऊन खिडक्यांवर आपटायला लागला, आणि मी वर खोलीत किटलीच्या पाण्यात नूडल्स भिजवून खाते हे त्यांना बघवेना. एका संध्याकाळी जिन्याखालून हाक आली, "खाली ये." त्या दिवसापासून जूनपर्यंत मी रोज खाली जेवले.

रविवारी त्या सोडा ब्रेड करायच्या. त्याला यीस्ट लागत नाही, तास-दोन तास पीठ फुगायला ठेवावं लागत नाही. कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक. हलक्या हाताने कालवायचं, गोळा थापायचा, वर सुरीने फुली मारायची आणि ओव्हनमध्ये सरकवायचा. ते करताना त्या गुणगुणत. नेहमी एकच चाल. पाळण्यासारखी झुलणारी, दोनच भागांची. पहिला भाग घरातल्या घरात फिरून परत जागेवर येणारा, दुसरा जरा वर चढून दाराबाहेर डोकावणारा. मी एकदा विचारलं, हे कुठलं गाणं? म्हणाल्या, "गाणं कसलं, आई गुणगुणायची. आमच्या लॉक्रेकडचं आहे." नाव विचारलं तर त्यांनी जरा नवलानेच बघितलं. आईच्या गुणगुणण्याला नाव असतं हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

नाव मला मार्चमध्ये कळलं. एका पबच्या कोपऱ्यात चारपाच जण फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन बसले होते. रील्स, जिग्ज असं जोरात चाललेलं, आणि मधेच एकाने वेग उतरवून ती चाल धरली. मी कपातली चमच्याची किणकिण थांबवली. संपल्यावर जाऊन विचारलं. फिडलवाला म्हणाला, "फॅनी पॉवर. कॅरोलनची." इतक्या सहज, जसं काही ही दोघं पलीकडच्या गल्लीत राहतात.

त्यानंतरची काही वर्षं मी या दोन नावांच्या मागे आहे.

कॅरोलन म्हणजे टर्लो ओकॅरोलन. तो १६७० साली मीथ परगण्यात नॉबरजवळ जन्मला. तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना घरचे पश्चिमेला, रॉसकॉमनकडे गेले. तिथे ऑल्डरफर्डच्या मॅकडरमॉट रो घराण्याकडे वडलांना काम मिळालं. त्या घरची बाई, मेरी मॅकडरमॉट रो, माहेरची फिट्झजेराल्ड. तिला हा कामगाराचा मुलगा हुशार वाटला आणि तिने त्याला आपल्या घरात शिकवायला घेतलं. अठराव्या वर्षी त्याला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले.

त्या काळी त्या देशात अंध मुलासमोर फार वाटा नव्हत्या. एक होती: हार्प. मेरीबाईंनी त्याला एका हार्पवादकाकडे तीन वर्षं शिकायला ठेवलं, आणि एकविसाव्या वर्षी त्याला एक घोडा दिला, थोडे पैसे दिले, हार्प वाहायला आणि वाट दाखवायला एक माणूस दिला. आंधळ्या पोराला घोडा. मी या घोड्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. दया म्हणून त्याला घरात एक कोपरा देता आला असता, दोन वेळचं जेवण देता आलं असतं, आणि लोकांनी तिला थोर म्हटलं असतं. तिने त्याला रस्ता दिला.

आणि काळ बघा. १६९० मध्ये बॉइनची लढाई झाली, १६९१ मध्ये ऑक्रिमची. कॅथलिक राजा जेम्सची बाजू हरली, लिमरिकचा तह झाला, जुनी गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, आणि कॅथलिक घराणी जमिनींना मुकली, कितीतरी सरदार फ्रान्सला निघून गेले. चारच वर्षांनी, १६९५ मध्ये, कायदा आला की कॅथलिकाने पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायचा नाही. कोणीही प्रॉटेस्टंट पाच पौंड पाच शिलिंग हातावर ठेवून तो घेऊन जाऊ शकतो. ज्या देशात कोणी कुठल्या घोड्यावर बसायचं हे कायद्याने ठरणार होतं, तिथे हा तरुण घोड्यावर बसला आणि पुढची ४७ वर्षं त्यावरून उतरला नाही म्हटलं तरी चालेल.

पहिलं घर गाठलं ते लेट्रिममधल्या जॉर्ज रेनल्ड्सचं. रेनल्ड्सने वाजवणं ऐकलं आणि सरळ सांगितलं की बोटांनी फारसं काही व्हायचं नाही, काहीतरी रचून बघ. यात अपमान नव्हता. हार्प शिकायची ती लहानपणी, बोटं कोवळी असताना. हा अठराव्या वर्षी बसला होता. रेनल्ड्सच्या घराजवळ दोन टेकड्या होत्या, एक लहान, एक मोठी, आणि त्या दोन टेकड्यांतल्या परीराजांच्या लढाईची गोष्ट तिकडे सांगत. त्यावरच रच, असं सांगितल्यावर कॅरोलनने ‘शी वेग, शी वोर’ ही आपली पहिली चाल बांधली. ती आजही आयर्लंडमध्ये शिकाऊ मुलं पहिल्या वर्षी वाजवतात. नुकतेच डोळे गेलेल्या मुलाने डोळ्यांना न दिसणाऱ्या सैन्यांची लढाई पहिल्यांदा रचली, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं.

हे वाद्य आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या हार्पसारखं नव्हतं. वाद्यवृंदात दिसतो तो सोनेरी, माणसाहून उंच, पेडलांचा हार्प खूप नंतरचा. जुना आयरिश हार्प मांडीशी घेऊन वाजवायचा, बुटका आणि दणकट. पोकळ पेटी विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. तारा पितळेच्या. त्या बोटांच्या पेरांनी छेडायच्या नसत, वाढवलेल्या नखांनी छेडायच्या. त्यामुळे आवाज घंटेसारखा निघे आणि घंटेसारखाच रेंगाळे. एक स्वर वाजवताना आधीचा स्वर तळव्याने किंवा बोटाने विझवायचा, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळून गढूळ होई. मी डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात त्यातला एक बघितला. आयर्लंडच्या युरो नाण्यांवर जो हार्प असतो तो यावरूनच घेतला आहे. काचेआड, शांत. पण लाकडावर खांद्याशी टेकण्याची जागा गुळगुळीत झालेली वाटली मला, आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

पूर्वी, म्हणजे कॅरोलनच्या आधी, सरदाराची स्तुती हे तीन माणसांचं काम होतं. कवी कविता रची. तो स्वतः म्हणत नसे. त्यासाठी वेगळा पठण करणारा असे. आणि पठणाला साथ करायला हार्पवादक असे. तिघांत मान कवीचा. बारा-बारा वर्षं छंदशास्त्र शिकून आलेली ही मंडळी. त्यांना जमिनी लावून दिलेल्या असत, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याशी बांधलेली असत. १६०७ साली उत्तरेतले मोठे गेलिक सरदार देश सोडून गेले आणि या व्यवस्थेचा पाया खचला. शतकाच्या शेवटी उरलं ते एवढंच: एक घोडा, एक गडी, एक हार्प, आणि तिघांचं काम एकटा करणारा माणूस. त्याने क्रमही उलटा केला. कवितेसाठी संगीत होतं, ते त्याने संगीतासाठी शब्द असं केलं. आधी चाल, मग त्यात शब्द बसवायचे. शब्द कधी घाईचे, कधी नुसतीच विशेषणं. ते गळून पडले तर चाल तशीच उभी राही. पडलेही. आज त्याची दोनशेहून जास्त रचना शिल्लक आहेत आणि त्यातल्या बहुतेक शब्दांवाचून वाजतात.

सांगतात, की तो यजमानाच्या घराकडे जाताना घोड्यावरच चाल बांधायचा आणि कोटाच्या बटणांवरून बोटं फिरवत स्वर मोजायचा. खरं असेल किंवा नसेल; पण ज्याने कोणी ही गोष्ट प्रथम सांगितली त्याला रचना म्हणजे काय ते नक्की कळलं होतं. हातात वाद्य नाही, समोर काही दिसत नाही, घोड्याचा ठेका खाली चालू आहे आणि जेवायला ज्या घरी जायचं त्या घरच्या मुलीचं नाव मनात आहे.

अशा रचनांना ‘प्लँक्स्टी’ म्हणतात. प्लँक्स्टी अमुक, प्लँक्स्टी तमुक. पुढे त्या माणसाचं नाव. प्लँक्स्टी अर्विन हे स्लायगोच्या कर्नल जॉन अर्विनसाठी. या शब्दाचा उगम पंडितांनी लॅटिनमध्ये शोधला, आयरिशमध्ये शोधला, ‘स्लाँचे’ म्हणजे तब्येतीच्या नावाने पेला उंचावतात त्या शब्दात शोधला, आणि वाद मिटला नाही. मला त्या वादापेक्षा पुढचं नाव महत्त्वाचं वाटतं. एखाद्याचं नाव चालीत घालायचं, आणि ते सगळ्यांसमोर घ्यायचं. नाव घेणं ही काय गोष्ट असते हे लग्नाच्या पंगतीत घास हातात धरून थांबवून ठेवलेल्या कुठल्याही मराठी मुलीला समजावून सांगायला नको.

फॅनी पॉवर म्हणजे फ्रान्सेस. लॉक्रेजवळच्या कूरहीनच्या डेव्हिड आणि एलिझाबेथ पॉवर यांची मुलगी, त्यांच्या मालमत्तेची वारस. १७३२ मध्ये तिचं लग्न गार्बलीच्या रिचर्ड ट्रेंचशी झालं. चाल त्याआधीची, कारण तिच्यासोबतच्या आयरिश शब्दांत कॅरोलन म्हणतो की तिच्या लग्नात नाचल्याशिवाय मला या जगातून जाणं नको. लग्न झालं तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. तिची चाल पुढे ‘मिसेस ट्रेंच’ या नावानेही फिरली. आडनाव बदललं तशी चालही सासरी गेली म्हणायची. पण फिडलवाल्यांच्या तोंडी टिकलं ते माहेरचंच नाव.

तिच्या आईसाठीही एक रचना आहे, ‘मिसेस पॉवर’. तिला आज बहुतेक जण ‘कॅरोलन्स कॉन्चेर्टो’ म्हणून ओळखतात. तीत इटालियन संगीताचा, त्या काळी डब्लिनच्या श्रीमंत घरांत वाजणाऱ्या कोरेलीचा वास येतो. आईसाठी डौल, थाट, दिवाणखाना. मुलीसाठी झुलणारी साधी चाल. मी दोन्ही लागोपाठ ऐकते तेव्हा मला एकाच घरातल्या दोन खोल्या लागतात.

एका शनिवारी मी लॉक्रेहून बॅलिनास्लोला बसने गेले. गार्बली बॅलिनास्लोलाच आहे, म्हणजे हा फॅनीचा सासरचा रस्ता. अंतर तीसेक किलोमीटर. डाव्या-उजव्या हाताला दगडी बांध, ओल्या मेंढ्या, हिरवा रंग इतका की डोळ्यांना थांबायला जागा सापडत नाही. आणि बॅलिनास्लोच्या जरा अलीकडे ऑक्रिम येतं. तेच ऑक्रिम. १२ जुलै १६९१ ला त्या टेकडीवर आणि खालच्या दलदलीत हजारो माणसं एका दुपारी मारली गेली. आयर्लंडच्या भूमीवरची ती सगळ्यात रक्तरंजित लढाई धरतात. फॅनी नवरी होऊन या रस्त्याने गेली असेल तेव्हा त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. म्हणजे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना ती दुपार आठवत होती.

इथे कॅरोलनबद्दलचा जुना आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. त्याने दोन्हीकडे जेवण केलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या ओकॉनर, मॅकडरमॉट, ओहारा अशा घराण्यांसाठी त्याने रचलं आणि ज्यांना जमिनी मिळाल्या त्या इंग्रज वसाहतवाल्यांसाठीही रचलं. ट्रेंच घराणं फ्रान्समधून आलेलं, प्रॉटेस्टंट. फॅनीचा मुलगा पुढे १८०३ मध्ये क्लॅनकार्टीचा अर्ल झाला, नातू नेपोलियननंतर युरोपची घडी बसवायला भरलेल्या व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये ब्रिटनतर्फे बसला. मग काय म्हणायचं या हार्पवाल्याला? भाट?

मला तसं म्हणवत नाही. भाटाला आश्रयदात्याचं सगळंच गोड लागतं. कॅरोलन तसा नव्हता. एका घरी ओफ्लिन नावाच्या खानसाम्याने त्याला दारूच्या कोठीतून हाकललं तर त्याने त्याच्यावर दोन ओळी केल्या: नरकाच्या दारावर या ओफ्लिनला ठेवायला हवा होता, याने कोणालाच आत सोडलं नसतं. त्या ओळी अजून लोकांच्या तोंडी आहेत. आणि एलिनर प्लंकेट? तिच्या घराण्यावर मोठी आपत्ती कोसळली, आणि ती मागे राहिलेली शेवटची. तिच्याकडून त्याला काय मिळणार होतं? तिच्यासाठीची चाल त्याच्या सगळ्या चालींमध्ये मला सगळ्यात एकाकी वाटते. एकेक स्वर पुढचा येईल की नाही याची खात्री नसल्यासारखा टाकलेला. तिचं नावही त्याने त्याच जागी ठेवलं जिथे कर्नलाचं ठेवलं.

आपल्याकडे याला शब्द आहे, खाल्ल्या अन्नाला जागणं. मिठाला जागणं. ते करताना अन्न देणाऱ्याचा धर्म विचारत नाहीत. त्याचं राजकारण नंतर तपासायचं असेल तर तपासावं, पण ताटावरून उठल्यावर आधी ताटाला जागायचं असतं. कॅरोलन ज्या घरी राही तिथे त्याला पाहुण्याचा मान होता, चाकराचा नव्हता. यजमानाशेजारी पान, घोड्याला दाणा, गड्याला निजायला जागा. लग्न किंवा अंत्यविधीही तो येईपर्यंत थांबवत, असं सांगतात. आणि निघताना तो जे ठेवून जाई ते पाहुण्याचंच होतं.

लहानपणी आमच्या वाड्यात पहाटे वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, चिपळ्या. आजी सुपातून धान्य घालायची आणि तो म्हणायचा, दान पावलं, दान पावलं, पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडेरायाला. आजीचं नाव कधीच यायचं नाही. तिने दिलेलं थेट वर जायचं. तेव्हा मला ते रुसव्याचं वाटे; नंतर कळलं की त्यातही एक अदब आहे, देणारीला त्यात ओझं होत नाही. कॅरोलनची रीत याच्या दुसऱ्या टोकाची. दान कुठेही वर पाठवायचं नाही. ज्या हाताने दिलं त्या हातापाशीच, नावासकट, परत ठेवायचं. आणि हात तर त्याला ओळखता येत होते. तरुणपणी ब्रिजेट क्रूझ नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता. तिच्यासाठी त्याने एकाहून जास्त चाली केल्या. पुष्कळ वर्षांनी लॉक डर्ग या तळ्यातल्या बेटाच्या यात्रेत होडीत चढणाऱ्यांना हात देताना एक हात त्याच्या हातात आला आणि तो म्हणाला, हा ब्रिजेट क्रूझचा हात. तीच होती. ही गोष्ट आयर्लंडमध्ये सगळे सांगतात.

त्याने फॅनी पॉवर कधी पाहिली नाही. तिच्या आईला, मेरीबाईंच्या सुरकुत्यांना, कर्नल अर्विनच्या मिशांना, कुणालाच नाही. अठराव्या वर्षानंतरची सगळी माणसं त्याला आवाजाने, पावलांनी, हाताने, स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाने माहीत. ती चाल ऐकताना मी म्हणून फॅनीचा चेहरा डोळ्यांसमोर आणत नाही. लाकडी जमिनीवर एक मुलगी या खोलीतून त्या खोलीत जाते आहे, एवढंच ऐकते.

या सगळ्याचं पुढे काय झालं ते एका उन्हाळ्यात ठरलं. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांना बोलावून चार दिवसांचा मेळा भरवला. आयर्लंडभरातून दहा आले, एक वेल्समधून. त्यात बरेच अंध. एकच बाई, रोझ मूनी. त्यांचं वाजवणं उतरवून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा नेमला होता. त्याला ते ऐकून जे झालं त्यातून तो आयुष्यभर बाहेर आला नाही. पुढे गावोगाव फिरून चाली गोळा करत राहिला, तीन संग्रह छापले, शेवटचा १८४० मध्ये.

त्या दहांत डेनिस हेम्प्सन होता. अंध, तेव्हा वय सत्त्याण्णव सांगत, आणि जुन्या रीतीने वाढवलेल्या नखांनी तारा छेडणारा तो एकटाच उरला होता. तरुणपणी तो कॅरोलनच्या संगतीत राहिलेला. आणि त्याला कॅरोलनच्या रचना वाजवायला आवडत नसत! त्याच्या लेखी त्या नव्या, परदेशी वळणाच्या. त्याला त्याहून जुनं हवं होतं. ज्याला कादंबरीकार ऑलिव्हर गोल्डस्मिथने ‘शेवटचा आयरिश भाट’ म्हणून लेख लिहून अजरामर केलं, तो परंपरेच्या आतल्या म्हाताऱ्याला बिघाड करणारा नवशिका वाटत होता. मला हेम्प्सनचा राग येत नाही. तो जे राखत बसला होता त्यातलं फार थोडं उरलं, आणि ज्याला तो नाकारत होता ते पबच्या कोपऱ्यात पोचलं. कॅरोलनच्या चालींचंही आपल्याला वरचंच पान मिळालं आहे. सूर उतरवून घेतले गेले, पण दुसरा हात खाली काय वाजवत होता ते जवळजवळ सगळं गेलं. आज जो कोणी फॅनी पॉवर वाजवतो तो एका हाताचं स्वतः घालतो. १९५८ मध्ये डोनल ओसलिवन यांनी कॅरोलनच्या सगळ्या रचना दोन खंडांत एकत्र केल्या तेव्हा काहींना नावच सापडेना. चाल आहे, कोणासाठी ते गेलं. कुठल्यातरी घरी तो जेवला होता, एवढंच त्या चाली सांगतात.

१७३३ मध्ये त्याची बायको, फर्मॅनाची मेरी मग्वायर, गेली. सात मुलांचा संसार मोहिलला होता, तो मोडला. पाच वर्षांनी तब्येत ढासळल्यावर तो घोड्यावर बसला आणि मोहिलला न थांबता ऑल्डरफर्डला आला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जिथून निघाला होता तिथे. मेरी मॅकडरमॉट रो जिवंत होती, खूप म्हातारी. त्याने तिला सांगितलं ते असं सांगतात: एवढं सगळं भोगून मी इथे आलो आहे, शेवटी घरी मरायला, जिथे मला पहिलं शिक्षण मिळालं आणि पहिला घोडा मिळाला.

मग त्याने हार्प मागवला आणि ‘संगीताचा निरोप’ वाजवला. आधीच्या चालींसारखी ती झुलत नाही. तिला ठेका जवळजवळ नाहीच. स्वर येतात, थांबतात, जुन्या कवींच्या काळाकडे वळतात. मला वाटतं ती ऐकून हेम्प्सनचंही काही म्हणणं राहिलं नसतं. नंतर एक पेला मागितला, प्यायला जमेना, म्हणून ओठांना लावला. दोन जुन्या मित्रांनी मुका न घेता वेगळं होऊ नये म्हणाला. २५ मार्च १७३८ ला तो गेला. चार दिवस लोक येत राहिले, हार्पवाले, कवी, दोन्ही धर्मांची माणसं. कीडूजवळ किलरोननच्या दफनभूमीत, मॅकडरमॉट रो घराण्याच्याच जागेजवळ त्याला ठेवलं.

मी जून महिन्यात खोली सोडली तेव्हा बाईंना फुलं दिली, एक पाकीट द्यायचा प्रयत्न केला. पाकीट त्यांनी माझ्याच बॅगेच्या कप्प्यात परत घातलं, मला ते विमानतळावर सापडलं. त्याआधी मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. पण घरच्यांना आभार मानले की आई म्हणते, परकं करतेस का, आणि परदेशी भाषेत आभार मानणं इतकं सोपं आहे की दिवसातून चाळीसदा बसवाल्यालाही मानतो आपण. मधलं काही माझ्याजवळ नव्हतं.

गेल्या वर्षी गेले त्यांच्याकडे. आता ऐंशीच्या आसपास आहेत, गुडघे दुखतात, पण ओव्हनशी त्याच उभ्या. मी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, घेऊन गेले होते. दोन वर्षांत एवढीच एक चाल मला पूर्ण येते. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वाजवली. दुसऱ्या भागात तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला आणि गुणगुणून दाखवलं. त्यांच्या आईकडे तिथे एक स्वर जास्त होता. मी तसं वाजवलं. मग त्यांना सगळं सांगितलं: लॉक्रेजवळचं कूरहीन, मुलीचं नाव, लग्न, अंध हार्पवाला, घोडा.

त्या सगळं ऐकून घेत होत्या, हात पिठाने माखलेले.

"म्हणजे त्या पॉवरांकडे," त्या म्हणाल्या, "त्याला जेवायला चांगलं मिळालं असणार."

पाव निघाला. त्यांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतल्यासारखा क्षणभर धरला, मग फुलीच्या रेषेवर मोडला. मी एक तुकडा संपवून दुसरा घेतला.